फ्लॅटमध्ये सागरी रेडिओ ऐकायला कोणता अँटेना घ्यावा? (कोल्हापूर, तिसरा मजला, गच्ची बंद)

रंकाळा_वारा
नमस्कार मंडळी. रंकाळ्याजवळ चार मजली इमारत, तिसरा मजला, आरसीसी स्लॅब. पश्चिमेला एक मोठी खिडकी, तिला लोखंडी ग्रिल. गच्चीवर काही लावायला सोसायटीची परवानगी नाही आणि ग्रिलच्या बाहेर काही लोंबलेलंही चालत नाही. ऐकायचंय ते असं: जहाजांचं बोलणं, समुद्राच्या हवामानाचे इशारे, जमलं तर एआयएस (जहाजं स्वतःची ओळख आणि जागा आपोआप कळवतात ते संकेत). हाताशी आरटीएल-एसडीआर व्ही३ डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ), लॅपटॉप आणि एसएसबी (सिंगल साइडबँड) असलेला एक पोर्टेबल सेट आहे. ऑनलाइन दुकानांत ‘मरीन अँटेना’ म्हणून एक मीटरचा पांढरा फायबरग्लासचा दांडा दिसतो. तो खिडकीत उभा केला तर चालेल का?

कोकणकडा
दांडा घेऊ नका. त्यात खोट काही नाही. तो १५६ ते १६२ मेगाहर्ट्झसाठी कापलेला असतो आणि बोटीवर झकास चालतो. आपल्याला आडवा येतो तो डोंगर.

हिशेब मांडतो. व्हीएचएफचा (म्हणजे याच पट्ट्याचा) पल्ला काढायला दोन्ही अँटेनांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं घ्या, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, जहाजाचा अँटेना २५ मीटरवर धरला, तर उत्तर ११८ किलोमीटर. विजयदुर्गचा किनारा सरळ रेषेत शंभराच्या आत आहे. कागदावर जमलंच की! पण हे सूत्र मधे उघडा समुद्र आहे असं धरून चालतं. तुमच्या खिडकीतून किनाऱ्याजवळच्या जहाजापर्यंत रेघ ओढली आणि पृथ्वीचा बाक वजा केला, तर गगनबावड्याच्या बाजूला ती रेघ समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटरवरून जाते. तिथला घाटमाथा सहाशे मीटरच्या वर आहे. म्हणजे रेघ डोंगराच्या पोटातून गेली.

धारेवरून थोडा सिग्नल खाली वाकतो हे खरं. एकच तीक्ष्ण धार धरली तर नुकसान वीस-पंचवीस डेसिबलचं येतं, आणि ते पचवता आलं असतं. पण सह्याद्री एका धारेचा नाही, एकामागे एक रांगा आहेत. त्यावर शहरातल्या इमारती, मग तुमचा स्लॅब, मग ग्रिल. एआयएसचं तर बोलूच नका. मोठ्या जहाजाचा ट्रान्सपॉन्डर १२.५ वॅटचा, छोट्या बोटींचा बहुधा २ वॅटचा. उंच गच्चीवर यागी (एका दिशेने ऐकणारा अँटेना) लावून चॅनल १६ (जहाजांचा हाकेचा आणि संकटाचा चॅनल) अधूनमधून खरखरत कानावर येईल एवढीच आशा, आणि गच्ची तुम्हाला बंद.

तांबडा_पांढरा
म्हणजे पांढरा दांडा घेतला तर पडदा लावायला. 😄

रंकाळा_वारा
मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावर डक्टिंग होतं (सिग्नल हवेच्या थरात अडकून पुढे जातो) आणि व्हीएचएफ पाचशे-पाचशे किलोमीटर जातं असं वाचलंय. त्याचा फायदा?

कोकणकडा
होतं, पण पाण्यालगत. समुद्रावरचा तो थर बहुतेक वेळा काही दहा ते काहीशे मीटर जाडीचा असतो. किनाऱ्यावरच्या माणसाला त्याची चंगळ. आपण घाटाच्या वर आणि वर पुन्हा डोंगराच्या आड. त्या थरात अडकलेला सिग्नल घाट चढून रंकाळ्यावर येईल या भरवशावर पैसे घालू नयेत.

मीटरबँड
व्हीएचएफचा विषय मिटला असेल तर कोल्हापुरात घरबसल्या खरंच काय मिळतं ते सांगते. कारण आधी काय ऐकायचं ते ठरतं, अँटेना त्यावरून ठरतो. उलट क्रमाने गेलं की कपाटात खोकी साठतात.

पहिलं, नॅव्हटेक्स, ५१८ किलोहर्ट्झ. समुद्राच्या हवामानाचे आणि नौकानयनाचे इशारे मजकुराच्या रूपात येतात. भारताच्या साखळीत वेंगुर्ल्याला केंद्र आहे, अक्षर ‘जे’. सरळ रेषेत कोल्हापूरहून एकशे दहा-पंधरा किलोमीटर, दिशा नैऋत्येपेक्षा थोडी दक्षिणेकडे. या फ्रिक्वेन्सीला डोंगराची फारशी पर्वा नसते, जमिनीवरून सरपटत येणारी लहर दिवसाही पोचते. मुंबईचं अक्षर ‘जी’, वेरावळचं ‘एच’. प्रत्येकाला दर चार तासांनी दहा मिनिटं. आपल्या वेळेप्रमाणे मुंबई सकाळी ६:३०, वेरावळ ६:४०, वेंगुर्ला ७:००. पुढे चार-चार तास मिळवत जा, म्हणजे वेंगुर्ला ७, ११, ३, ७, ११, ३. रात्री लांबचीही येतात. मस्कतचं ‘एम’ ११:३० ला बघा.

दुसरं, एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) डीएससी. जहाजांची डिजिटल हाक. ४२०७.५, ६३१२, ८४१४.५, १२५७७ आणि १६८०४.५ किलोहर्ट्झ. यातली ८४१४.५ सगळ्यात गजबजलेली, कारण जहाजं आपल्या यंत्रणेची नियमित चाचणी बहुधा तिथेच करतात.

तिसरं, बोलणं. जहाज-ते-जहाज ४१४६, ४१४९, ६२२४, ८२९४, ८२९७, १२३५३ वगैरे, सगळं अपर साइडबँडवर (एसएसबीचाच प्रकार). इथे तासन्‌तास शांतता असते. हल्ली जहाजं उपग्रहावर बोलतात, त्यामुळे ‘बोलणं ऐकायचंय’ ही अपेक्षा थोडी खाली आणा.

दिवसा ८, १२, १६ मेगाहर्ट्झ आणि अंधार पडला की ४, ६, ८. म्हणजे तुम्हाला अँटेना हवा तो ५१८ किलोहर्ट्झला आणि मुख्यतः ८ मेगाहर्ट्झला. एकच वस्तू दोन्हीकडे उत्तम चालेल असं नाही.

डेसिबल
एकच वस्तू हवी असेल तर रुंदपट्टा अॅक्टिव्ह लूप. एमएलए-३० जातीचे मिळतात: साधारण ६० सेंटिमीटर व्यासाची स्टीलची कडी, बुडाशी अॅम्प्लिफायर, केबल, आणि केबलमधूनच वीज पाठवणारा बायस-टी. शंभर किलोहर्ट्झपासून तीस मेगाहर्ट्झपर्यंत काही फिरवायला लागत नाही. खिडकीजवळ टांगा आणि कामाला लागा.

यात तीन गोष्टी बिघडतात. एक, सोबतचा बायस-टी लॅपटॉपच्या पोर्टवर जोडला की लॅपटॉपची सगळी घाण केबलवरून लूपपर्यंत जाते. पॉवर बँकही नको, तिच्या आतला कन्व्हर्टर शिट्ट्या मारतो. जुन्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर शोधा, त्यापुढे ७८०५ रेग्युलेटर, त्याच्या दोन्ही बाजूंना ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर. दोन, स्टीलच्या कडीला रोध जास्त. तीच लांबी तांब्याच्या नळीची घातली तर खालच्या पट्ट्यात फरक पडतो. तीन, काही पेट्यांवर गेनचा स्क्रू असतो, तो लोक शेवटपर्यंत पिळतात. मग मध्यम लहरींची स्टेशनं ५१८ च्या अंगावर चढतात. निम्म्यावर ठेवा.

गुंडाळी
अॅक्टिव्ह लूपला माझा विरोध नाही, पण आरसीसी फ्लॅटमध्ये तो सगळं ऐकतो म्हणजे सगळं ऐकतो. आणि व्ही३ डोंगलसमोर ते महागात पडतं. तीस मेगाहर्ट्झखाली व्ही३ डायरेक्ट सॅम्पलिंगवर (सिग्नलचे थेट नमुने घेऊन) चालतो, नमुन्यांचं घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झ. त्यामुळे १४.४ च्या वरचं सगळं आरशासारखं खाली उलटतं आणि खालचं वर. १६८०४.५ लावलं की त्याच जागी ११९९५.५ येऊन बसतं, आणि तो २५ मीटरचा प्रसारणपट्टा, तिथे शेकडो किलोवॅटची स्टेशनं. कितीही चांगला अँटेना लावा, दुसऱ्याचंच भजन ऐकू येणार. ५१८ आणि ८४१४.५ ला मात्र ही अडचण फारशी नाही. ट्यून होणारा लूप असेल तर तो स्वतःच गाळणी होतो. म्हणून माझं मत: दोन लूप, दोन्ही घरी करायचे.

५१८ चा लूप असा. लाकडी किंवा पीव्हीसीची फुली करा, चौकोनाची बाजू ६० सेंटिमीटर भरली पाहिजे, म्हणजे फुलीची प्रत्येक दांडी ८५ सेंटिमीटर. टोकांना ७ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या, त्यांवर ५ मिलिमीटरवर खाचा. १४ वेढे. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची साधी फ्लेक्सिबल चालते. ३४ मीटर लागते, ३५ घ्या. इंडक्टन्स २६५-२७० मायक्रोहेन्रीच्या घरात येतो. त्याला ३६५ पिकोफॅरडचा हवेचा गँग (फिरवून कमीजास्त करायचा कपॅसिटर) समांतर. गुंडाळीची स्वतःची तीसेक पिकोफॅरड धरली की ५१८ गँग जवळजवळ मिटत आला असताना सापडतं आणि ४९० (नॅव्हटेक्सचीच दुसरी फ्रिक्वेन्सी) अगदी काठावर. जुन्या व्हॉल्व्ह सेटातला गँग मिळाला तर त्यात दोन भाग असतात, एकच वापरा. पीव्हीसी गँग घेणार असाल तर आधी मोजून घ्या, लहान निघाला तर १०० पिकोफॅरडचा स्टायरोफ्लेक्स किंवा सिल्व्हर मायका समांतर. भोवऱ्यासारखा तपकिरी सिरॅमिक डिस्क लावू नका. त्यातले पुष्कळसे तापमानाबरोबर सरकतात आणि क्यू (ट्यूनिंगचा टोकदारपणा) खातात.

आता सगळेजण चुकतात ती जागा: रिसीव्हरकडे सिग्नल न्यायचा वेढा. पुस्तकी सल्ला ‘त्याच चौकटीवर एक वेढा घ्या’. ५० ओहमच्या डोंगलला तो जोडला की मुख्य गुंडाळीवर भार पडतो, क्यू शंभरावरून दहा-वीसवर येतो, ट्यूनिंग बोथट होतं आणि गाळणीचा फायदा गेला. त्याऐवजी आतल्या बाजूला २५ ते ३० सेंटिमीटर बाजूचा एकच वेढा टांगा, मुख्य वेढ्यांच्या पातळीत पण त्यांना न शिवता. शिखर टोकदार झालं पाहिजे. गँग केसभर फिरवला की सिग्नल चढतो आणि पडतो, असं. नॅव्हटेक्स जेमतेम तीनशे हर्ट्झ रुंद आहे, त्यामुळे लूप कितीही अरुंद झाला तरी मजकूर कापला जात नाही.

रंकाळा_वारा
जबरदस्त. पण पोर्टेबल सेटवर ५१८ लागतच नाही. लाँगवेव्ह ५१३ ला संपते आणि मध्यम लहर ५२२ ला सुरू होते.

मीटरबँड
पुष्कळ सेटांत ही फट आहे आणि नेमकी ५१८ तिच्यात पडते. काहींत फ्रिक्वेन्सी लागते पण त्या पट्ट्यात एसएसबी चालू होत नाही, मग डीकोड होणार नाही. नवा सेट घेताना दुकानदाराला ‘नॅव्हटेक्स लागतं का’ विचारू नका, सेट हातात घेऊन ५१७ टाका आणि एसएसबीचं बटण दाबा.

तिसरी खोच: बाहेरच्या अँटेनाचा सॉकेट बऱ्याच पोर्टेबलमध्ये फक्त शॉर्टवेव्हला जोडलेला असतो. मध्यम लहर आतल्या फेराइट कांडीवरच. तिथे वायर खुपसायची गरज नाही. सेट लूपपासून १०-२० सेंटिमीटरवर ठेवा, कांडीची लांबी लूपच्या चौकटीला काटकोनात. बहुतेक सेटांत कांडी वरच्या कडेने आडवी असते. काटकोन चुकून समांतर झाला की लूप असून नसल्यासारखा.

डेसिबल
त्यांच्याकडे डोंगल आहे, ५१८ डोंगलवरच करावं. क्यू-शाखेचं डायरेक्ट सॅम्पलिंग निवडा, डायल ५१७.० अपर साइडबँड, सूर १००० हर्ट्झवर येईल. एफएलडिजी या प्रोग्रॅममध्ये नॅव्हटेक्स मोड आहे, वायएएनडी हा प्रोग्रॅम पण चालतो. १०० बॉड, १७० हर्ट्झचं अंतर. संदेश झेडसीझेडसीने सुरू होतो आणि त्यापुढे चार चिन्हं. पहिलं केंद्राचं अक्षर, दुसरं विषयाचं: ए नौकानयनाचा इशारा, बी हवामानाचा इशारा, डी शोध-बचाव, ई अंदाज. शेवटी चार एन.

तांबडा_पांढरा
अँटेनावर एवढी चर्चा झाली, आता खरं दुखणं. फ्लॅटमध्ये तुमची मर्यादा अँटेनाची नसते, घरातल्या खरखरीची असते. लूप गुंडाळायच्या आधी हे करा.

पोर्टेबल सेट बॅटरीवर, मध्यम लहरीच्या खालच्या टोकाला रिकाम्या जागी लावा. मेन स्विच खाली पाडा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, नाहीतर मेन पाडल्यावर तोच सुरू होतो आणि सगळ्यात जास्त बोंबलतो. आता जी शांतता ऐकू येते ती तुमची तळरेषा. मग एकेक एमसीबी उचला, प्रत्येक वेळी थांबून ऐका. खरखर कुठल्या सर्किटवर वाढली ते कळलं की त्या सर्किटवरची एकेक वस्तू काढा.

सापडणारे चोर ठरलेले. स्वस्त एलईडी बल्ब आणि पॅनल लाइट. गोल सलग फिरणारा पंख्याचा रेग्युलेटर, ट्रायॅकचा असतो, शंभर हर्ट्झची घरघर देतो. टकटक पायऱ्यांनी फिरणारा कपॅसिटरवाला शांत असतो, तो बदलायला इलेक्ट्रिशियनला पाच मिनिटं लागतात. बीएलडीसी पंखा, आत स्विचिंग सप्लाय. मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स, राउटरचा अडॅप्टर. वॉटरफॉलवर (डोंगलच्या प्रोग्रॅममधलं फ्रिक्वेन्सीचं सरकतं चित्र) साधारण पन्नास-साठ किलोहर्ट्झच्या अंतराने जाड, डुलणारे पट्टे दिसले की स्विचिंग सप्लाय समजायचं. शेजाऱ्याच्या गच्चीवर सोलर इन्व्हर्टर असेल तर तो सूर्य मावळला की गप्प होतो, तेवढ्यावरून ओळखता येतो.

शेजाऱ्याची खरखर बंद करता येत नाही, पण लूप फिरवता येतो. हीच त्याची खरी किंमत. लूप आपल्या कडेच्या दिशेने ऐकतो आणि तोंडाच्या दिशेला बहिरा असतो. खरखर ज्या बाजूने येते तिकडे चौकटीचं तोंड करा. सिग्नल थोडा पडला तरी चालेल, खरखर जास्त पडली पाहिजे. एस-मीटरकडे (सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) बघून लूप लावणारा माणूस बहुधा खरखरीचंच शिखर गाठतो.

गुंडाळी
+१. वेंगुर्ल्यासाठी चौकटीची कड दक्षिण-नैऋत्येला. मुंबई साधारण वायव्य-उत्तरेला आहे, म्हणजे वेंगुर्ल्याला लावलेल्या लूपच्या बहिऱ्या बाजूच्या जवळच. दोन्ही हवी असतील तर ६:३० आणि ७:०० च्या मधे लूप फिरवावा लागेल. तळाला फिरता पाट लावा.

दोरी_आणि_खिळा
एवढा खटाटोप कशाला? छताच्या कडेने दहा मीटर वायर फिरवा, ९:१ ट्रान्सफॉर्मर (वायर रिसीव्हरशी जुळवणारा) लावा, झालं. शंभर रुपयांचं काम.

तांबडा_पांढरा
शंभर रुपयांत घरातला प्रत्येक बल्ब ऐकू येतो भावा. छताच्या कडेने वायर म्हणजे कन्सील्ड वायरिंगच्या शेजारून वायर. विद्युत क्षेत्रावर चालणाऱ्या अँटेनाला जवळची खरखर आधी दिसते. मिनी-व्हिप या छोट्या अॅक्टिव्ह अँटेनाचंही तेच. बाहेर उंच काठीवर सोन्यासारखा, घरात नुसता कल्लोळ.

दोरी_आणि_खिळा
सगळ्यांच्या घरी सारखी खरखर नसते. कौलारू घर असेल, वायरिंग उघडं आणि कमी असेल तर वायर १२ मेगाहर्ट्झला छोट्या लूपपेक्षा जास्त सिग्नल देते, हे मान्य करा.

गुंडाळी
कौलारूला मान्य. पत्र्याच्या छपराखाली नाही आणि आरसीसीत तर नाहीच. ९:१ ला अर्थिंग कुठून देणार हाही प्रश्न. प्लगच्या अर्थिंगला जोडली तर तीच इमारतभराची खरखर आत घेते. जोडायचीच असेल वायर, तर अर्थऐवजी खोलीच्या दुसऱ्या बाजूने तेवढ्याच लांबीची दुसरी वायर द्या.

८ मेगाहर्ट्झच्या लूपचं राहिलं. एसीवाल्याकडे तीन सुताची तांब्याची नळी मिळते. ३.१५ मीटर घ्या, वाकवून एक मीटर व्यासाची कडी करा, तळाशी दोन-तीन सेंटिमीटरची फट. इंडक्टन्स तीन मायक्रोहेन्रीच्या आसपास. फटीत तोच ३६५ चा गँग. ८४१४.५ ला साधारण १२० पिकोफॅरड लागतात, म्हणजे गँग एकतृतीयांश मिटलेला. १२५७७ ला पन्नासच्या आसपास. खाली पाच मेगाहर्ट्झच्या थोडं अलीकडे गँग संपतो, ४२०७.५ हवं असेल तर १५० पिकोफॅरडचा मायका स्विचने समांतर. सिग्नल काढायला २० सेंटिमीटर व्यासाची छोटी कडी, फटीच्या बरोबर समोरच्या बाजूला, म्हणजे वरच्या टोकाला.

नळी नाही मिळाली तर जाड कोअॅक्सचं बाहेरचं जाळं वापरा, आतली तार सोडून द्या. बारीक वायर नको. एका वेढ्यात सगळा खेळ रोधाचा असतो. नळीला गँग जोडताना स्क्रूने आवळून भागत नाही, डाग द्या. तांब्यावर हिरवट थर चढला की महिन्या-दोन महिन्यांत शिखर सपाट होतं आणि माणूस गँगला दोष देत बसतो.

रंकाळा_वारा
लूप खिडकीत नेमका कुठे? ग्रिलला टेकवून?

गुंडाळी
टेकवून अजिबात नाही. बंद लोखंडी चौकटी लूपमधून येणारं क्षेत्र गिळतात आणि ट्यूनिंग ओढून नेतात. ग्रिलपासून निदान ४०-५० सेंटिमीटर आत. भिंतीतल्या कॉलमपासूनही तेवढाच दूर, त्यात सळया उभ्या असतात. खोलीच्या मध्यावर जावं लागलं तरी चालेल. मध्यम लहरींचं चुंबकीय क्षेत्र काँक्रीटमधून बऱ्यापैकी आत येतं, अंतर ठेवायचं ते वायरिंगपासून. एक-दोन जागा करून बघा. जागा बदलली की गँग पुन्हा लावायचा, नाहीतर तुलना खोटी.

डेसिबल
तुलनेवरून: कानाने तुलना करू नका, फेडिंगमध्ये काही कळत नाही. ८४१४.५ वर वायएडीडी (डीएससी उलगडणारा प्रोग्रॅम) लावा. डायल ८४१२.८ अपर साइडबँड, मध्य १७०० हर्ट्झ. एका अँटेनावर पंधरा मिनिटं, दुसऱ्यावर पंधरा, पुन्हा पहिल्यावर. किती संदेश पूर्ण, किती चुकांसह, ते नोंदवा. जहाजांचे नऊ अंकी क्रमांक दिसतील, ४१९ ने सुरू होणारे भारतीय, दोन शून्यांनी सुरू होणारी किनारी केंद्रं. ज्या अँटेनावर पूर्ण संदेश जास्त तो चांगला, मग त्याचा एस-मीटर कितीही कमी दाखवू दे.

आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर लावून घेतलेल्या नोंदी चार्जरच्या असतात.

तांबडा_पांढरा
केबलला चोकही घाला. लूप कितीही सोवळा असला तरी कोअॅक्सची बाहेरची कातडी साधी वायरच असते, लॅपटॉपची खरखर तिच्यावरून चढते. ८ मेगाहर्ट्झसाठी मिक्स ३१ च्या मोठ्या फेराइट रिंगवर बारीक कोअॅक्सचे १०-१२ वेढे. ५१८ ला मिक्स ७५ किंवा ७७ हवं. चार्जरच्या केबलवर येतो तसा एक क्लिपवाला मणी अडकवून ५१८ ला काहीही होत नाही, एका वेढ्यात तेवढा अडथळा तयारच होत नाही.

कोकणकडा
वळीव सुरू झाला की ५१८ वर कडकडाट इतका की वेंगुर्लाही अर्धं अर्धं येतं. एप्रिल-मे मध्ये दुपारच्या ३ पेक्षा सकाळच्या ७ ची पाळी धरा. लूप घरात असला तरी ढग डोक्यावर असताना डोंगल काढून ठेवा.

देवगड_हापूस
इथे कोकणातलेही वाचक आहेत, त्यांच्यासाठी व्हीएचएफचं दोन ओळींत सांगा ना. समुद्र समोर दिसतो, पण घरमालक बाहेर लावू देत नाही.

कोकणकडा
तुम्हाला सोपं. साडेपंचेचाळीस सेंटिमीटरच्या दोन अॅल्युमिनियमच्या काड्या, एक वर, एक खाली, मधे केबल. हा चॅनल १६ चा, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झचा डायपोल. फक्त एआयएस हवं तर काड्या ४४ सेंटिमीटर. समुद्राकडच्या खिडकीच्या काचेला, ग्रिलच्या उभ्या गजापासून निदान अर्धा मीटर बाजूला. जुना टीव्हीचा ‘ससा’ असेल तर दोन्ही कान ४५ सेंटिमीटरला ओढा आणि एक वर, एक खाली करा. आडवा ठेवाल तर जहाजाच्या उभ्या ध्रुवीकरणाशी पटणार नाही.

केबल टीव्हीची आरजी-६ लावा, ७५ ओहमची आहे म्हणून घाबरू नका. या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे ती बारीक आरजी-५८ पेक्षा निम्माच सिग्नल खाते. डोंगलआधी एफएम अडवणारा फिल्टर घाला. जवळ एफएमचा मनोरा असेल तर डोंगल दबतो आणि एआयएसचे संदेश गळतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा चॅनल सुने वाटले तर अँटेना उसवू नका.

मीटरबँड
एक नियमाचं. ऐकायला म्हणून प्रक्षेपणही करणारा मरीन सेट घेऊ नका, त्याला परवाना लागतो आणि चुकून बटण दाबलं तर चॅनल १६ वर जाता. आणि ऐकलेलं खासगी बोलणं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकू नका. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीचं सतरावं कलम याच गुप्ततेचं आहे.

रंकाळा_वारा
ठरलं. आधी मेन स्विचची चाचणी, मग ५१८ चा लूप, नंतर नळीचा. जुन्या सेटातला गँग मिळालाय, फिरतो छान. एक शंका: गँगजवळ हात नेला की ट्यूनिंग सरकतं असं म्हणतात. त्यावर काय?

गुंडाळी
गँगची पत्र्याची चौकट आणि फिरती पानं एकमेकांना जोडलेली असतात. गुंडाळीचं एक टोक तिथे, दुसरं स्थिर पानांना. कुठलंही टोक कोअॅक्सच्या जाळ्याला किंवा अर्थला लावू नका, गुंडाळी मोकळी राहू दे, नाहीतर बहिरी बाजू बुजते. मग धातूची दांडी सरळ बोटात येणार नाही अशी सोय करा: १० सेंटिमीटरची लाकडी किंवा नायलॉनची कांडी, तिला पेट्रोलची रबरी नळी चढवून दांडीशी जोड, वर मोठं बटण. ५१८ ला शिखर अरुंद आहे म्हणून जुन्या सेटातली दोऱ्याची चक्री टाकून देऊ नका, तीच गँगसकट उतरवा. फिरवायच्या आधी पानांमधली धूळ मऊ ब्रशने काढा आणि दांडीच्या स्प्रिंगपट्टीला स्पर्श होईल तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर, एकच थेंब. तेल नको.

रंकाळा_वारा
चक्री सेटातच आहे, उतरवतो. ७ च्या पाळीचा मजकूर आला की इथेच टाकतो.